ताटावरचा हात

क्रिकेटच्या किटमध्ये, पॅडच्या आत,
गोळ्यांची एक पट्टी सापडली.
दहा घरं. सहा रिकामी.
रुवीत, बसस्थानकामागच्या औषधाच्या दुकानात
मी रोज अशा पट्ट्या मोजते,
तरी उरलेल्या चार
पुन्हा पुन्हा मोजाव्या लागल्या.

कैवल्य पंधरा वर्षांचा.
मिशी म्हणावी की सावली, अशी रेघ ओठावर.
खोटं बोलला नाही.
म्हणाला, "वादी कबीरच्या ग्राउंडवर देतात.
मी नको म्हटलं होतं. दोनदा म्हटलं.
मग त्यांनी आग्रह केला."

आग्रह.
हा शब्द त्याला मीच दिलेला.
बाकीचं मराठी इथे गळत गेलं त्याच्या तोंडून,
तेरवा गेला, ओसरी गेली, ळ अर्धा झाला.
आग्रह तेवढा राहिला,
कारण तो दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला असतो.

दारसैतच्या हॉलमध्ये, मंडळाच्या पंगतीत,
पाहुण्यानं ताटावर आडवा धरलेला हात
मी कधी मानला नाही.
बोटांच्या फटींतून तूप सोडलंय,
मनगटावर जिलबी ठेवलीय.
"एवढी एकच. माझ्यासाठी."
सगळे हसतात, आणि जो हरतो
तो माणूस चांगला ठरतो.
ह्याच मुलानं, पाच वर्षांचा असताना,
श्रीखंडापुढून तोंड फिरवलं, तेव्हा मी म्हटलं होतं,
खा रे, मावशींना वाईट वाटेल.

ग्राउंडवरही त्याला वाटलं, त्यांना वाईट वाटेल.

ह्यांनी ऐकलं आणि उठून गॅलरीत गेले.
खिशात तंबाखूची डबी,
दर सुट्टीत संगमेश्वरहून येते,
कुळथाच्या पिठात लपून,
आणि विमानतळावर माझ्या पोटात गोळा येतो.
हात डबीकडे गेला, थांबला,
खिशातच राहिला.
मग म्हणाले, "कुणाला बोलू नकोस.
मंडळात कळलं तर. शाळेत कळलं तर.
व्हिसा."
ह्या एका शब्दाखाली आम्ही
अठरा वर्षं कुजबुजत राहिलो आहोत.

मी तरी झुवैनाला सांगितलं.
काउंटरच्या दुसऱ्या टोकाला ती असते.
कसं वाढवलंस, असं तिनं विचारलं नाही.
धाकट्या भावाचं नाव सांगितलं फक्त,
आणि बराच वेळ पावत्या लावत राहिली.
"शुक्रवारी आमच्या गावी या," म्हणाली. "निझवाच्या अलीकडे."

तिच्या वडिलांनी कहवा ओतला.
बिनदांडीचा पेला, दोन घोटांचा.
कैवल्यनं एक घेतला. दुसरा भरला. तिसरा भरला.
कडूपणानं तोंड आक्रसलेलं,
तरी पेला पुढेच.
ते तोंड मी ओळखलं.

चौथ्याला म्हातारबाबा थांबले.
किटली खाली ठेवली, त्याचं मनगट धरलं,
पेल्यासकट दोनदा हलवलं, डावीउजवीकडे.
झुवैनानं हिंदीतून समजावलं,
पेला हलवला की ओतणारा थांबतो.
नाही थांबला, तर चूक ओतणाऱ्याची.

परतताना गाडीत, मागच्या सीटवर,
तो रिकामी मूठ हलवून पाहत होता.

ह्यानं काय होणार, मला ठाऊक नाही.
ग्राउंडवर पेले नसतात.
सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, तिघांनी.
ह्यांनी रजा टाकली आहे.
डबी फेकलेली नाही, पण आता ती
टीव्हीशेजारी असते, सगळ्यांना दिसेल अशी.

काल रात्री जेवताना
कैवल्यनं ताटावर हात धरला.
माझ्या पळीत आमटी, वाफाळती.
केवढा मोठा झालाय हात.
नखाखाली ग्राउंडची माती.
ह्यांनी घास थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मी पळी पातेल्यात उलटी केली.
वाईट वाटलं.
वाटू दिलं.